भेगा बुजवणारी राणी

चैत्र लागला की आमच्या वाडीतल्या माणसांचे आवाज आपोआप मोठे होतात. एरवी कानात बोलणारा माणूससुद्धा जत्रेच्या पंधरवड्यात बांधावरून असा बोलतो की पलीकडच्या वडूजच्या बाजारात भाव खाली-वर व्हावेत. वाडीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर वाट वाकडी करून माणसं बघायला येतील आणि आमच्याकडं पाणी आधीच बेतानं. एवढं सांगतो की खटाव तालुक्यातली आहे, आणि आमचा उन्हाळा असा की बाभळीची सावलीसुद्धा दुपारी दुसरी सावली शोधत हिंडते.

यंदाही तसाच उन्हाळा. मी गच्चीवर शेवग्याच्या शेंगा निवडत बसलो होतो. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीला टेकून सायली फोनवर बोलत होती. सायली म्हणजे माझा चुलतभाऊ तानाजी, त्याची मुलगी. पुण्यात कंपनीत साईटी बनवते. जत्रेला म्हणून आलेली, पण फोन तिला जत्रा बघू देत नव्हता, आणि वाडीत रेंज फक्त टाकीपाशी.

"सर, जुन्या फोनवर पान कोरं दिसतंय," ती म्हणत होती. "मोठ्या दवाखान्यात नंबर लावायची साईट आहे ती. म्हातारी माणसंच जास्त वापरणार. त्यांना कसं सांगू नवा फोन घ्या म्हणून? ... नाही सर. पॉलिफिल टाकते ना मी. ... हो, पान थोडं जड होईल. होऊ दे."

पलीकडच्या साहेबाला काही पटत नव्हतं. सायलीनं फोन ठेवला आणि टाकीला एक चापट मारली, जणू टाकीच साहेब.

"काय टाकणार म्हणालीस?" मी विचारलं.

"पॉलिफिल, काका. तुम्हाला नाही कळायचं."

असं कुणी म्हटलं की मला ते कळल्याशिवाय जेवण जात नाही. शेंगा बाजूला ठेवल्या. "सांग. मी सावकाश ऐकतो."

मग तिनं सांगितलं. साईट लिहिणारा मजकूर लिहितो. फोनमधला ब्राउझर तो मजकूर वाचतो आणि पडद्यावर करून दाखवतो. पण सगळे ब्राउझर सारखे नसतात. नव्याला जे येतं ते जुन्याला येत नाही. मजकुरात अशी जागा आली की जुना अडतो आणि पान कोरं पडतं.

"मग त्याच्याबरोबर आपण थोडा जादा मजकूर पाठवायचा," सायली म्हणाली. "तो आधी बघतो, की ह्याला हे काम येतं का? येत असलं तर तो मजकूर गप्प बसतो, मधे पडत नाही. येत नसलं तर त्याच्या जागी उभा राहून तेच काम करतो, अगदी तसंच. बघणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही की ब्राउझर अडला होता."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"ह्या बाईला मी ओळखतो," मी म्हणालो.

"कोण बाई?"

"कुमुदबाई. सांगलीच्या."

सायली माझ्याकडं अशी बघायला लागली की काकांना ऊन लागलंय हे आईला सांगावं की आधी पाणी द्यावं. तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. ह्यात मी एक शब्द वाढवून सांगितलेला नाही. वाढवायला जागाच नव्हती.

*

नव्वदच्या दशकातला मधला कुठला तरी चैत्र. साल विचारू नका. आमच्याकडं सालं पावसावरून ओळखतात आणि त्या सुमाराची तीनचार वर्षं कोरडीच गेली, त्यामुळं एकमेकांत मिसळली आहेत. पण वास आठवतो. कडब्याच्या गंजीचा, तापलेल्या फुफाट्याचा, लिंबाच्या मोहराचा, आणि ह्या सगळ्यावर बसलेला खोबरेल तेलात कालवलेल्या सफेद्याचा. तो सफेदा तोंडाला फासला की आमच्या वाडीतला कुणीही रांगडा गडी राजघराण्यातला वाटायचा, निदान मानेपर्यंत.

जत्रेला नाटक करायची आमची रीत. आजूबाजूच्या गावांतही नाटकं व्हायची, पण ती रात्री. आमचं नाटक उन्हं कलल्यावर सुरू होऊन दिवस बुडायच्या आत संपायचं. कारण वीज. आमच्याकडं वीज यायची ती जावयासारखी, मानपान करून घेऊन, आणि ऐन गरजेला निघून जायची. तेव्हा जुन्या माणसांनी ठरवलं की सूर्याला कामाला लावायचं. रंगमंच पश्चिमेला तोंड करून बांधायचा. मावळतीचं ऊन सरळ नटांच्या तोंडावर. सूर्य हा असा लाईटवाला की कधी रुसला नाही, कधी ॲडव्हान्स मागितला नाही, आणि शेवटच्या प्रवेशाला न सांगता तांबडा प्रकाश टाकायचा. मुंबईच्या नाटकवाल्यांनी बघितलं असतं तर धंदा सोडून आमच्याकडं ज्वारी काढायला आले असते.

मागचा पडदा म्हणजे शाळेची भिंत. पडदे सांगलीहून भाड्यानं मिळायचे, राजवाड्याचा, जंगलाचा, रस्त्याचा. आम्ही फक्त जंगलाचा आणायचो. राजवाडा भिंतीवरच रंगवायचा. भिंतीला उन्हाळ्यात अशा भेगा जायच्या की एका भेगेत चिमणीनं घरटं केलं होतं आणि दुसऱ्या भेगेतून हेडमास्तर वर्गावर लक्ष ठेवायचे. जत्रेच्या आदल्या आठवड्यात बायका पांढरी माती आणि शेण कालवून त्या भेगा बुजवायच्या, वरून चुना, आणि मग त्यावर महाल.

नाटकाचं नाव 'सिंहासनाला फुटला घाम, अर्थात वचनाचा राजा'. लिहिणारा कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि राजा कोण हे विचारायची पद्धत नव्हती. राजा म्हणजे तात्या. माझे चुलते, तानाजीचे वडील. मला मिसरूड फुटायच्या आधीपासून आणि माझ्या बापाला फुटायच्या सुमारापासून तेच राजा. त्यांचा आवाज असा की 'कोण आहे रे तिकडे' म्हणाले की खरोखर चार माणसं उठून उभी राहायची. एकदा म्हणे शेजारच्या गावचा बैलसुद्धा दावं तोडून आला होता. मी तेव्हा नव्हतो, पण बैल मी पाहिला आहे.

त्या वर्षी मात्र आदल्या पावसाळ्यात तात्यांना झटका येऊन गेला होता. हात सुधारला, पाय सुधारला. तोंड जरासं डावीकडं ओढलेलं राहिलं, आणि शब्द हरवायला लागले. म्हणजे माणूस शाबूत, अक्कल शाबूत, पण बोलता बोलता मधलाच एखादा शब्द निघून जायचा. 'तो... तो...' करत बसायचे आणि दुपारी निघून गेलेला शब्द संध्याकाळी वैरण टाकताना परत यायचा. मग एकटेच गोठ्यात मोठ्यानं म्हणायचे, 'फावडं.' बैल कान हलवायचा.

तालमी सुरू व्हायच्या आधी देवळापुढं बैठक झाली. तानाजी तेव्हा शिरवळच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलेला, रजा काढून आलेला. तो म्हणाला, "ह्या साली नाटक नको. व्हिडिओ आणू. टीव्ही, व्हीसीआर, दोन पिक्चर. तयारी न्हाई, कटकट न्हाई."

"आनि राजा?" कुणीतरी विचारलं.

"राजा पिक्चरात असतोय की," तानाजी म्हणाला. बापाकडं न बघता म्हणाला.

तात्या देवळाच्या कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, "नाटक व्हनार. राजा मीच करनार."

"तात्या, आवं..."

"आवं बिवं काय न्हाई. मी मेलोय का?"

"मेला न्हाईसा. पर अडतायसा," तानाजी म्हणाला. "चार गावची मानसं येत्याती. हसतील."

मला आज कळतं की तानाजीला नाटक नको नव्हतं. बापाचं वाकडं तोंड भर उन्हात, चार गावांपुढं, 'तो... तो...' करत उभं राहिलेलं त्याला बघायचं नव्हतं. पण तात्यांना तेवढंच एक हवं होतं. त्यांच्या दृष्टीनं तो झटका संपला की नाही हे डॉक्टर सांगणार नव्हता. ते त्या शाळेच्या भिंतीपुढं कळणार होतं.

शेवटी तोड निघाली. नाटक करायचं. पण ट्रॉलीवर टीव्ही तयार ठेवायचा, टॉवेल झाकून. राजा अडून नाटक पडलं तर तिथल्या तिथं टॉवेल काढायचा आणि पुढच्या सालापासून जत्रेला व्हिडिओच. तात्यांनी मान्य केलं. तो टॉवेल झाकलेला टीव्ही पुढं कितीतरी वर्षं माझ्या स्वप्नात यायचा.

*

कुमुदबाई जत्रेच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आल्या. आमच्याकडच्या बायका तेव्हा नाटकात काम करायच्या नाहीत, म्हणून राणी सांगलीहून यायची. त्या बायांचा धंदाच असा की हंगामात आज ह्या गावात राणी, उद्या त्या गावात सावत्र आई, परवा तिसरीकडं जोगीण. तालीम नाही, ओळख नाही. सकाळी उतरायचं, संध्याकाळी ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाची बायको व्हायचं, आणि उद्या पुढचं गाव. कुठल्याही गावच्या कुठल्याही नाटकात बसणारी बाई. गाव बदलायचं, बाई बदलत नसे.

पन्नाशीच्या. अंगानं भरभक्कम. पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावरून स्वतः उतरवून घेतली, कंडक्टरला म्हणाल्या, "हळू बाबा, त्यात माझं तारुण्य हाय." पान लावलं आणि मला विचारलं, "तू कोण?"

"प्रॉम्प्टर."

"मग तूच सांग. राजा कुठं अडतोय? खलनायक पितोय का? आनि परतीची गाडी कितीला?"

खलनायक म्हणजे शत्रूचा सेनापती, ते काम तानाजीकडं होतं. म्हटलं, पीत नाही. गाडी उद्या सकाळी. आणि राजा कुठं अडतो ह्याला नेम नाही, तेवढंच खरं.

बाईंनी संहिता मागितली नाही; असली नाटकं गावोगाव करून त्यांना तोंडपाठ होती. तात्यांच्या घरी गेल्या, ओसरीवर बसल्या आणि चहा होईपर्यंत त्यांच्याशी विहिरीच्या, बैलाच्या, ज्वारीच्या गप्पा मारल्या. मला वाटलं, आटोपलं. ही बाई गप्पिष्ट निघाली, नाटक बुडालं. तात्याच शेवटी म्हणाले, "बाई, मी अडतो. लपवत न्हाई."

"अडा की," बाई म्हणाल्या. "न अडनारा राजा मला अजून भेटायचाय. कवठ्याला एक राजा होता, तो पडदा उघडल्यापास्नं पडेपर्यंत अडला. लोक म्हनले, काय गंभीर काम केलं."

तात्या झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. तोंड वाकडं झालं, पण हसले.

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "शब्द यायचा नसला की अंगठा चोळतात. यायचा असून वाट बघत असले की हनुवटी वर करतात. तू बघ नीट."

मी इतकी वर्षं त्यांच्याच घरात जेवत होतो. अंगठा मी पाहिलाच नव्हता.

*

आता घोटाळा कसा झाला ते सांगतो. असा घोटाळा फक्त आमच्या वाडीतच होऊ शकतो.

आमचा रंगमंच उघडा. तिन्ही बाजूंनी माणसं, भिंतीवर पोरं, झाडावर पोरं. प्रॉम्प्टरनं लपायचं कुठं? म्हणून रीत अशी की प्रॉम्प्टर सिंहासनाखाली. सोसायटीतली मोठी खुर्ची, तिच्याखाली फळ्यांचं खोकं, त्यावर तांबडं कापड. खोक्यात मी, मुंगळे आणि संहिता.

कर्णा वडूजहून आणलेला, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा. माईक एकच. एरवी तो मधोमध टांगायचे. पण तानाजीच्या मनात आलं की बापाचा आवाज झटक्यानंतर बारीक झालाय, मागच्या लोकांपर्यंत जायचा नाही. म्हणून कुणाला न सांगता त्यानं माईक सिंहासनाच्या हाताला बांधून टाकला. नाटक नको म्हणणाऱ्या पोरानं बापासाठी केलेली गुपचूप सोय. चांगल्या मनानं बांधला. पण बांधला तो माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

पडदा उघडला. ऊन थेट भिंतीवर, महाल झगझगत होता. तात्या आले. मुकुटाला चिकटवलेल्या आरशाच्या तुकड्यांचे कवडसे सगळ्या गर्दीवर नाचले. पहिलं भाषण त्यांनी असं घेतलं की मला खोक्यात काटा आला. मग म्हणाले, "प्रधानजी, आमच्या राज्यात..." आणि थांबले.

मी हळूच कुजबुजलो.

कर्णा गरजला, "न्याय मेला आहे काय?" पलीकडच्या डोंगरानं तेच परत विचारलं. मी घाबरून म्हणालो, "तात्या, बोला की." कर्णा म्हणाला, "तात्या, बोला की." डोंगर म्हणाला, "बोला की."

चार गावं हसली. असं हसणं मी नंतर ऐकलं नाही; झाडावरची पोरं पिकल्या चिंचांसारखी खाली पडली. कुणी ओरडलं, "सिंहासनात भूत हाय रं." मी तोंडात कापड कोंबलं. आता मला काही सांगता येणार नव्हतं, आणि फळीच्या फटीतून मला तात्यांचा हात दिसत होता. अंगठा तलवारीच्या मुठीवर घासत होता, घासत होता. बाजूला सेनापतीच्या वेशात तानाजी उभा. त्यानं पडदा ओढणाऱ्याकडं बघितलं. ट्रॉलीपाशी एकानं टॉवेलाला हात घातला.

राणीचा प्रवेश पुढच्या अंकात होता. पण पैंजण वाजले, आणि कुमुदबाई सरळ दरबारात चालत आल्या. राजाच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि हसणाऱ्या गर्दीकडं त्यांनी असं बघितलं, जणू ती गर्दी संहितेत लिहिलेली होती.

"ऐकलंत प्रधानजी?" त्या म्हणाल्या. "महाराजांनी विचारायच्या आधी सिंहासनानं विचारलं. ज्या राज्यात लाकडाला वाचा फुटते, त्या राज्यात न्याय मेला आहे काय?"

गर्दीतून शिट्ट्या. लोकांना वाटलं नाटकच असं आहे. नाटकाच्या नावातच सिंहासनाला घाम फुटलेला. ते बोललं तर नवल काय? ट्रॉलीजवळच्या माणसानं टॉवेल सोडला.

तिथून पुढं जे झालं ते मी खोक्यातून बघितलं. तात्या बोलायचे. शब्द आला तर बाई नुसत्या उभ्या, पापणीसुद्धा हलवायच्या नाहीत. अंगठा घासला की बाईंचा आवाज असा अलगद पुढं सरकायचा की वाक्य एका तोंडातून निघून दुसऱ्या तोंडात संपायचं आणि सांधा दिसायचा नाही. कधी म्हणायच्या, "महाराजांच्या मनातलं मी जाणते." कधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांचं वाक्य प्रश्न करून प्रधानाला विचारायच्या. एकदा तर दासीलाच म्हणाल्या, "महाराज मघाशी तुला काय म्हणाले, सांग त्यांना," आणि घाबरलेल्या दासीनं, म्हणजे आमच्या वाडीतल्या मिशा काढलेल्या बबननं, राजाचं आख्खं वाक्य म्हणून टाकलं. भेग कुठलीही येवो, बाईंकडं तिच्या मापाचं काहीतरी होतं.

शेवटचा प्रवेश. सूर्य डोंगराला टेकला. सेनापती दरबारात घुसतो, त्याला वाटतं राजा मेला. तानाजीनं तलवार उपसली आणि ओरडला, "कुणाचं आहे हे रिकामं सिंहासन?"

इथं राजाचं सगळ्यात लांब भाषण. तात्या खांबाआडून पुढं आले. थांबले. सगळं गाव आता राणीकडं बघायला लागलं, कारण गावाला सवय झाली होती. सेनापतीही राणीकडंच बघत होता.

बाई बोलल्या नाहीत. उलट एक पाऊल मागं सरकल्या, सावलीत. तांबडं ऊन एकट्या तात्यांवर राहिलं.

मी फटीतून हात शोधला. अंगठा स्थिर होता. हनुवटी वर होती.

आणि तात्या बोलले. पूर्ण भाषण, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, वाकड्या तोंडानं, माईकपासून दूर उभे राहून, आणि तरी ते डोंगरानं परत म्हटलं. तानाजीला पुढं माफी मागायची होती. तो आपलं वाक्य साफ विसरला. राणी सावलीतूनच म्हणाली, "सेनापती, गुडघे टेका आता," आणि तो बापापुढं गुडघ्यांवर बसला. सेनापती रडतो असं संहितेत कुठंही लिहिलेलं नव्हतं.

नाटकानंतर काही हौशी पोरांनी टीव्ही लावायचा घाट घातला. पण कर्ण्यानं बॅटरी पिऊन टाकली होती. टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या. तात्या मुकुटासकट ट्रॉलीपाशी गेले, त्या मुंग्या निरखून बघितल्या आणि म्हणाले, "ह्यो अडला की मग कोन बोलतंय?"

*

पुढं त्याच दशकाच्या शेवटी मी साताऱ्याला पोवई नाक्यावर एका कॅफेत पहिल्यांदा कॉम्प्युटरवर साईट बघायला गेलो. एक पान उघडलं तर त्यावर इंग्रजीत पाटी, की हे पान अमुक ब्राउझरमधूनच चांगलं दिसेल, तो नसेल तर घेऊन या. मला त्या पाटीत देवळापुढची बैठक दिसली. कॅफेतला पोरगा म्हणाला, "काका, दुसरं पान बघा." मी म्हणालो, "हेच बघनार." अर्धं फाटलेलं, चित्रांच्या जागी चौकटी, तसंच बघितलं. काय होतं त्या पानात आठवत नाही. जिद्द आठवते.

हे सगळं ऐकून सायली म्हणाली, "काका, ह्या शब्दाची पण गोष्ट आहे." विलायतेत म्हणे भिंतीच्या भेगा बुजवायचा एक लगदा मिळतो. भरायचा, घासून सपाट करायचा, वरून रंग. तिथला एक माणूस वेबविषयी पुस्तक लिहीत होता. त्याला ह्या जादा मजकुरासाठी शब्द हवा होता. ब्राउझर म्हणजे भेगा पडलेली भिंत, आणि हा त्या भेगा बुजवणारा लगदा, असं त्याला दिसलं. त्या लगद्याच्या नावावरून त्यानं शब्द घडवला. पॉली म्हणजे अनेक, कुठल्याही युक्तीनं. फिल म्हणजे भर.

तेवढ्यात तानाजी चहा घेऊन गच्चीवर आला होता. आता निवृत्त झालाय, पण फिटर तो फिटरच. म्हणाला, "त्याला शिम म्हनतात की. मशीन डगमगली की खाली पातळ पत्रा सरकवायचा."

"शिम पण म्हणतात बाबा," सायली म्हणाली. "तो आधीचा शब्द. पण त्या माणसाला तो पुरेना. शिम घातली की कधी कधी काम करायची पद्धतच तिची वेगळी असते, बाकीच्यांना तिच्याप्रमाणं बदलावं लागतं. ह्याच्यात कुणाला बदलावं लागत नाही. आणि अजून एक. हा शब्द ब्राउझरला म्हातारा म्हणत नाही. नव्यातल्या नव्या ब्राउझरला पण कुठं ना कुठं भेग असतेच."

ते मला फार आवडलं. त्या विलायती माणसाला एकदा जत्रेला बोलवायला हवं. आमच्याकडं आला असता तर शब्द शेणमातीवरून पडला असता, आणि जास्त टिकला असता. मला राग येतो तो त्या दुसऱ्या जातीच्या माणसांचा, जी भेग दिसली की भिंत पाडायला निघतात. काढून टाका, नवीन घ्या. अरे, त्या भिंतीवर आमचा महाल आहे.

"मग आजोबांनी पुढच्या वर्षी केलं काम?" सायलीनं विचारलं. तात्यांना तिनं पाहिलेलं नाही.

केलं. पुढच्या वर्षी केलं, त्याच्या पुढच्या वर्षी केलं. प्रत्येक चैत्रात त्यांचे शब्द थोडे कमी झाले आणि कुमुदबाईंचे थोडे वाढले. एस.टी.तून उतरल्यावर त्या आता खलनायकाची आणि गाडीची चौकशी करत नसत. राजा बरा आहे का, एवढंच विचारत. नाटक मात्र तेवढंच लांब राहिलं, एका ओळीनंही लहान झालं नाही. दशक संपताना शेवटचं नाटक झालं तेव्हा तात्यांना दोघांनी धरून सिंहासनावर बसवलं होतं. सगळं नाटक ते गप्प होते. सगळं नाटक राणी बोलली. आणि जत्रेला आलेल्या परगावच्या माणसानं शपथेवर सांगितलं असतं की राजानं काय झकास काम केलं.

"आणि ते शेवटचं भाषण?"

मी सांगणार होतो. पण तानाजी बोलायला लागला आणि मी गप्प बसलो, कारण त्याला ते येत होतं.

"तलवार उपसली म्या," तानाजी म्हणाला. "इच्यारलं, कुनाचं हाय हे रिकामं सिंहासन. म्हटलं बाई बोलतील. बाई मागं सरकल्या. मला वाटलं, ह्या चुकल्या आज. एवढ्या वर्षात पहिल्यांदा चुकल्या. तात्यांच्यात काय उरलंच न्हवतं, गड्या, घरात महिना-महिना शब्द न्हाई. ऊन गेलं निम्मं. मानसं खोकायला लागली. म्या परत इच्यारलं. संहितेत न्हाई, तरी इच्यारलं."

टाकीवर ठेवलेला फोन वाजायला लागला. साहेब होता. सायलीनं तो उचलला, "सर, पॉलिफिल ठेवतेय मी," एवढंच म्हणाली आणि उलटा ठेवला. खाली कुठंतरी हलगी तापवायला घेतली होती.

"मग?" ती म्हणाली.

"हनुवटी वर केली," तानाजी म्हणाला. "आनि म्हनले, रिकामं न्हाई, तान्या. मी बसलोय."